हिरवं दिसतंय, पण काम करतंय का?

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘नासा’ची एक बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिरंग्याच्या चित्रासकट आली होती. भारत आणि चीन यांनी जग हिरवं केलं, अशी. बातमी खोटी नव्हती. २००० ते २०१७ या काळातल्या उपग्रहाच्या नोंदी तपासल्यावर जगातल्या पानांचं क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं होतं. त्या वाढीतला एक तृतीयांश वाटा या दोन देशांचा होता, आणि जगातल्या हिरव्या जमिनीपैकी दोघांकडे मिळून आहे जेमतेम ९ टक्के. बातमीच्या पोटात आणखी एक आकडा होता, तो मात्र कुणी पुढे पाठवला नाही: भारतातली ८२ टक्के वाढ शेतीतली होती, जंगलातली नव्हे. म्हणजे विहिरी-बोअरच्या जोरावर घेतलेली दुबार-तिबार पिकं.

मला त्या बातमीत अडलं ते वेगळंच. उपग्रहाला दिसला तो हिरवा रंग. पण हिरवं दिसणं आणि पानाने खरोखर साखर बनवणं ही एकच गोष्ट आहे का? ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला की सोयाबीन आठ-दहा दिवस हिरवंच दिसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला पीक झकास वाटतं. ज्याचं शेत असतं त्याला मात्र कळलेलं असतं, की वाढ कधीच थांबली आहे.

पान काम करतंय की नुसतं हिरवं उभं आहे, हे दुरून ओळखायची एक युक्ती आहे. पान स्वतः एक अगदी मंद, लाल उजेड बाहेर टाकत असतं, आणि तो मोजता येतो.

## पानात शिरलेल्या उजेडाचं काय होतं?

या उजेडाला इंग्रजीत ‘फ्लुओरेसन्स’ म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत अनुस्फुरण. हे दोन्ही शब्द इथेच ठेवू आणि धरणावर जाऊ.

पानातलं हरितद्रव्य म्हणजे धरण, आणि ऊन म्हणजे त्यात येणारं पाणी. धरणातून पाणी बाहेर जायला तीन वाटा असतात. पहिली कालव्याची. ते पाणी पिकाला जातं, म्हणजे पानात त्या ऊर्जेची साखर होते, हेच प्रकाशसंश्लेषण. दुसरी वाट सांडव्याची. झेपत नाही एवढं पाणी आलं की ते सोडून द्यावं लागतं; पान ही जादाची ऊर्जा उष्णता म्हणून टाकतं. तिसरी वाट पाझराची. कोणतंही धरण पायथ्याशी थोडं झिरपतंच. पानातून झिरपणारी ती ऊर्जा म्हणजे हा लाल उजेड. शोषलेल्या उजेडापैकी साधारण १ ते २ टक्के.

आता यातली गंमत अशी, की पाझर धरणातल्या पातळीवर ठरतो. पाटबंधाऱ्याची माणसं धरणाच्या पायथ्याशी व्ही आकाराच्या खाचेतून वाहणारं झिरपं मोजत असतात, ते उगाच नव्हे. आत काय चाललंय ते बाहेरच्या ओलीवरून कळतं. पानाचंही तसंच.

१९३१ मध्ये जर्मनीत हान्स काउत्स्की आणि त्यांचे सहकारी हिर्श यांनी हे पानावर दाखवलं. पान काही वेळ अंधारात ठेवायचं आणि एकदम उजेड टाकायचा. लाल पाझर क्षणात उसळतो आणि मग काही मिनिटांत हळूहळू उतरतो. अंधारात कालव्याची दारं बंद पडलेली असतात. पाणी आलं, दारं उघडली नाहीत, पातळी चढली, पाझर वाढला. मग साखरेचा कारखाना सुरू झाला, सांडवाही उघडला, आणि पातळी खाली आली. एवढ्याशा चढउतारावरून पानाची तब्येत सांगणारी उपकरणं आज वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसतात.

## पालक, स्पिरिट आणि नोटा तपासायची बॅटरी

हे वाचून विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. मी केलं. पालकाची पाच-सहा पानं खलबत्त्यात कुटली, त्यावर औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट ओतलं आणि दहा मिनिटांनी जुन्या रुमालातून काचेच्या ग्लासात गाळलं. (गॅस बंद, खिडकी उघडी. स्पिरिट पेट घेतं.) गर्द हिरवं पाणी निघालं. मग दिवे घालवून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मागून आणलेली नोटा तपासायची जांभळी बॅटरी ग्लासाच्या बाजूने मारली. जिथे उजेड पडला तिथे हिरवं पाणी रक्तासारखं लाल. बॅटरी बंद केली की लगेच पुन्हा हिरवं. रुमाल मात्र कायमचा वाया गेला.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये अशाच हिरव्या अर्कातून उन्हाची तिरीप सोडली होती आणि त्यालाही लालच दिसलं होतं.

मग अख्ख्या पानावर बॅटरी मारली तर तेवढं लाल का दिसत नाही? कारण कुटताना आपण कालवाच मोडून टाकतो. हरितद्रव्य सुटं होऊन स्पिरिटमध्ये तरंगतं, साखर बनवायची यंत्रणा गेलेली, सांडवाही गेलेला. सगळा भार पाझरावर. शुद्ध द्रावणात तो २५-३० टक्क्यांच्या घरात जातो. जिवंत पानात तो एक-दोन टक्केच असतो, कारण बाकीचं पाणी मार्गी लागलेलं असतं.

एक गैरसमज इथेच मिटवू. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री चमकणाऱ्या बुरशीचे फोटो येतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. बुरशी स्वतःच्या रसायनांतून उजेड तयार करते. पानाचा लाल पाझर ऊन असेपर्यंतच. ऊन गेलं की तो सेकंदाच्या अब्जांशांत संपतो.

## भर उन्हात एवढासा उजेड ओळखायचा कसा?

ही शंका रास्त आहे. दुपारी दीडच्या उन्हात, शेकडो किलोमीटर वरून, पानावरून परतणाऱ्या झगझगीत उजेडात हा मंद लाल वेगळा कसा काढणार?

लग्नाच्या वरातीत बँड वाजत असताना शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. पण बँडवाले दोन ठोक्यांमध्ये क्षणभर थांबले तर तेवढ्यात ऐकू येतं. सूर्याच्या उजेडातही असे थांबे आहेत. प्रिझममधून ऊन बारकाईने फाकवलं की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये अशा पाचशेहून जास्त रेघा नोंदवल्या. त्या नेमक्या रंगांचा उजेड सूर्याच्याच बाह्य थरांत शोषला जातो, म्हणून तिथे काळोख. पानाचा पाझर मात्र त्या रंगांतही असतो. म्हणून जंगलावरून परतलेल्या उन्हात त्या रेघा किंचित कमी काळ्या दिसतात. किती कमी, त्यावरून पाझर किती ते काढायचं.

आणि हे कुणी ठरवून केलं नाही. जपानने जानेवारी २००९ मध्ये ‘इबुकी’ नावाचा उपग्रह सोडला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला. त्यासाठी ज्या रंगपट्ट्यात मोजमाप घ्यायचं, त्यातच पानांचा हा उजेड लुडबुड करत होता. एकाला जी चूक वाटत होती, तीच दुसऱ्याला माहिती वाटली. २०११ मध्ये जोआना जॉइनर यांच्या गटाने आणि ख्रिश्चन फ्रँकनबर्ग यांच्या गटाने त्या नोंदींतून जगभरच्या पाझराचे पहिले नकाशे काढले. मग २०१४ चा अमेरिकी ओसीओ-२ आणि २०१७ चा युरोपीय सेंटिनेल-५पी यांनी चित्र बरंच स्पष्ट केलं.

## पाझर जास्त म्हणजे काम जास्त, असं सरळ आहे का?

नाही. आणि इथेच बहुतेक लेख घाई करतात.

धरणाचाच विचार करा. कालव्याचं दार कोंडलं आणि सांडवाही बंद असला तर पातळी चढते आणि पाझर वाढतो. म्हणजे काम कमी, पाझर जास्त! सकाळच्या कोवळ्या उन्हात एकट्या पानावर मोजलं तर हा उलटा संबंध खरंच दिसतो. दुपारी मात्र सांडवा सताड उघडलेला असतो. कालवा भरून वाहतो, पण आलेल्या पाण्यातला त्याचा हिस्सा घटतो, आणि पातळी उतरल्याने पाझराचाही हिस्सा घटतो. दोघे एका दिशेने चालू लागतात. ओसीओ-२ दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो, ते आपल्या पथ्यावर पडतं.

शिवाय उपग्रह एक पान बघत नाही, अख्खं शिवार बघतो. तिथे सगळ्यात मोठा फरक पडतो तो मुळात पाणी किती आलं याने, म्हणजे पानं किती आणि ऊन किती. आवक दुप्पट झाली की कालवाही वाढतो आणि पाझरही. म्हणून मोठ्या क्षेत्रावर, पंधरवडा-महिन्याच्या सरासरीवर, पाझर आणि प्रकाशसंश्लेषण यांचा आलेख बऱ्यापैकी सरळ रेघेत येतो.

“मग हे हिरवेपणा गुणिले ऊनच झालं की!” असं कुणी म्हणालं तर तो अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी वेगवेगळ्या झाडोऱ्यात जावं लागतं.

## मक्याने ॲमेझॉनला मागे टाकलं

जुलै महिन्यात पृथ्वीवर सगळ्यात जास्त प्रकाशसंश्लेषण कुठे होत असेल? मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून ॲमेझॉन म्हटलं असतं. २०१४ मध्ये लुईस ग्वांतेर आणि सहकाऱ्यांनी पाझराच्या नोंदींवरून उत्तर दिलं: अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतला मक्याचा पट्टा. आयोवा, इलिनॉय, तो भाग. ऐन हंगामात तिथला पाझर ॲमेझॉनमधल्या पातळीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त भरला. वर्षभराची बेरीज केली तर जंगल पुढेच राहतं, पण त्या काही आठवड्यांत मका सगळ्यांना मागे टाकतो. हवामानाची तोवरची संगणकी गणितं या पट्ट्याला बरंच कमी लेखत होती.

शेतात हिशोब सोपा असतो. पेरणी, फुटवा, भर, कापणी. पानं वाढतात तसं काम वाढतं, पिवळी पडली की थांबतं. सागाच्या पानझडी जंगलातही तसंच. उन्हाळ्यात पान गळलं, पाझर गेला, काम थांबलं. अशा ठिकाणी नुसत्या हिरव्या रंगानेही बरंच भागतं.

## ऊस आणि ज्वारी वेगळी का पडतात?

धरणातून कालव्यात पाणी गेलं म्हणजे ते पिकाच्या मुळाशी पोचलंच, असं असतं का? पाट मातीचा असेल तर वाटेत उंदरांची बिळं, खेकड्यांची भोकं. पाझराला हे काही कळत नाही. तो फक्त धरणाची पातळी सांगतो.

भात, गहू, सोयाबीन, कापूस आणि जवळजवळ सगळी झाडं यांचा पाट मातीचा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं त्यांचं विकर (एन्झाइम) कधीकधी चुकून ऑक्सिजनच पकडतं, आणि मग ती चूक निस्तरण्यात ऊर्जा जाते. साधारण पाव हिस्सा असा वाया जातो, उष्णता वाढली की जास्तच. या वनस्पतींना सी-३ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सी-४. यांचं म्हणजे ठिबक. आधी एका प्रकारच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड पकडायचा, मग तो आतल्या पेशींत दाटीवाटीने कोंबायचा, म्हणजे चुकीला वाव राहत नाही. हा मार्ग उलगडला तोही उसावरच, १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात, हॅच आणि स्लॅक यांनी.

परिणाम असा, की पाझर सारखाच असला तरी मका किंवा उसाच्या शिवारात त्यामागे जास्त साखर बनलेली असते. शेजारच्या सोयाबीनचं सूत्र उसाला लावलं, तर उसाचं काम कमी भरतं. कोल्हापूर-सांगलीच्या नकाशावर हा फरक न धरता आकडे काढणं म्हणजे सगळ्या दुधाला एकच फॅट लावण्यासारखं.

## बारा महिने हिरव्या झाडांची गोष्ट

हिरव्या रंगाची खरी फजिती होते ती सदाहरित जंगलात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये निवॉट रिज नावाच्या डोंगरावर सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, पाईन, फर वगैरे. जानेवारीत तिथे बर्फ असतं, झाडांचं काम जवळजवळ बंद असतं, पण सुया हिरव्याच. वरून बघणाऱ्याला जानेवारी आणि जुलै यांत रंगाचा फरक फारसा कळत नाही.

तिथल्या मनोऱ्यावर उपकरण लावून वर्षभर पाझर मोजला गेला. २०१९ मध्ये ट्रॉय मॅग्नी आणि सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष मांडले. पाझर ऋतूप्रमाणे कामाबरोबर वर-खाली होत होता. हिवाळ्यात ही झाडं काही पिवळी रंगद्रव्यं बदलून सांडवा महिनोन्‌महिने उघडा ठेवतात. थंडीत ऊन तर येतं, पण साखर बनत नाही. ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून दिली नाही तर सुई आतून जळेल. सांडवा उघडा, म्हणून पातळी खाली, म्हणून पाझर कमी. रंगात न दिसलेली गोष्ट इथे दिसली.

पण सूचिपर्णी जंगलाची एक अडचणही आहे. तिथे सुया गुच्छागुच्छाने असतात. आतल्या सुईतून निघालेला उजेड बाहेर येईस्तोवर दुसऱ्या सुयांत अडकतो, शोषला जातो. दाट आमराईत आत पेटवलेला कंदील बांधावरून किती दिसेल, तसंच. पाझराचा गडद लाल भाग तर पानंच पुन्हा पिऊन टाकतात. त्यापलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा भाग निसटतो, म्हणून उपग्रह मुख्यतः तोच मोजतात. पानांची ठेवण बदलली की निसटण्याचं प्रमाणही बदलतं.

विषुववृत्ताजवळच्या घनदाट अरण्यांत वेगळाच पेच असतो. पानांचे थरावर थर असल्याने हिरवेपणाचं माप तुडुंब भरलेलं असतं. आणखी पानं आली तरी आकडा हलत नाही. पाझर तिथेही हलतो. पण तिथे ढग असतात. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही जून ते सप्टेंबर हीच रड. पातळ ढगातून थोडं कळतं, दाट ढगात काही नाही.

उलट टोकाला माळरान. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या विरळ कुसळी गवतात पाझरच इतका कमी, की मोजमापातली चूक आणि खरी खूण यांत फरक करणं कठीण जातं.

## मग सगळ्यांना एकच सूत्र का लावायचं?

लावून बघितलं गेलं. २०१७ च्या सुमारास ओसीओ-२ च्या नोंदी जमिनीवरच्या मनोऱ्यांशी ताडल्यावर असं वाटलं, की जंगल, गवत, शेत, सगळ्यांना जवळपास एकच सूत्र चालेल. मोह पडण्यासारखंच होतं ते. पुढे जास्त मनोरे धरल्यावर सी-४ पिकं आणि गवतं स्पष्टपणे वेगळी निघाली. माझं मत विचाराल तर एक सूत्र जगाचा ठोकळ हिशोब मांडायला ठीक. तालुक्याच्या हिशोबाला नाही.

हे मनोरे म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकं काढतील असे जमिनीवर उभारलेले खांब. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या हवेच्या झुळकांतला कार्बन डायऑक्साइड ते सेकंदाला अनेक वेळा मोजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आसामात काझिरंग्याच्या जंगलात असा मनोरा चालवला आहे. देशाच्या आकाराच्या मानाने आपल्याकडे असे मनोरे थोडेच आहेत, आणि मनोरा नसेल तिथे पाझराचं साखरेत रूपांतर उधारीच्या सूत्रावर चालतं.

आणखी एक आक्षेप खरा आहे. झाडाने पाणी वाचवायला पानांची छिद्रं एकदम मिटली तर काही तासांत साखर बनणं घटतं, पण पाझर फारसा हलत नाही. प्रयोगात झाडांची छिद्रं मुद्दाम मिटवून हे पाहिलं गेलं आहे. म्हणजे आज दुपारच्या ताणाची खबर आज दुपारीच मिळेल, अशी आशा धरू नये.

काही दिवसांच्या ताणाची मात्र मिळते. मार्च २०१० मध्ये गंगेच्या मैदानात गहू दाण्यात असताना उन्हाचा तडाखा बसला. नंतर त्या काळातल्या उपग्रहाच्या नोंदी तपासल्या, तर पाझर आधी पडला होता आणि हिरवेपणाचे निर्देशांक मागून.

## आणि माझ्या शेताचं काय?

दुष्काळ ठरवायच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीत उपग्रहाचे निर्देशांक आहेत, पीक विम्याच्या हिशोबातही उपग्रह आला आहे. पण हे निर्देशांक मुख्यतः रंगाचे आणि ओलीचे. सोयाबीन हिरवं असताना वाढ थांबलेली असेल, तर ते त्यांना उशिरा कळणार. पाझर लवकर सांगेल, म्हणून तो या हिशोबात यावा असं मला वाटतं.

अडतं ते ठिपक्याच्या आकारावर, म्हणजे उपग्रह एका नोंदीत केवढी जमीन बघतो त्यावर. ओसीओ-२ चा एक ठिपका साधारण १.३ गुणिले २.२५ किलोमीटरचा. महाराष्ट्रात एका शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर धरली, तर त्यात दोनशेहून जास्त शेतकरी मावतात. शिवाय तो सगळीकडे बघतही नाही. अरुंद पट्टे काढत जातो, मधली गावं कोरी राहतात. सेंटिनेल-५पी सगळीकडे रोज बघतो, पण त्याचा ठिपका आणखी मोठा.

युरोपीय अवकाश संस्थेने २०१५ मध्ये निवडलेल्या ‘फ्लेक्स’ या मोहिमेची आखणी खास पाझरासाठीच आहे, ठिपका ३०० मीटरचा. म्हणजे ९ हेक्टर, सरासरीने सहा-सात शेतकरी. त्यात दोघांचा ऊस, तिघांचं सोयाबीन, एकाची ज्वारी आणि बांधावरची बाभळ असणार. उपग्रहाला सगळ्यांचा मिळून एकच आकडा मिळेल. त्यातला उसाचा भाग किती आणि सोयाबीनचा किती, हे सोडवायला त्या गटांत काय पेरलंय ते माहीत हवं. ती माहिती २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर फोटो काढून भरतात, आणि सातबाऱ्यावर चढते.